रामटेक्यांकडे तक्रार नोंदवताना

आमच्या सोसायटीच्या जिन्यावरून सोमणकाकू घसरल्या, तेव्हा सगळ्यांत आधी धावत आले ते तिसऱ्या मजल्यावरचे रामटेके. काकू लँडिंगवर बसलेल्या, एक चप्पल पायात, दुसरी दोन पायऱ्या खाली, आणि पिशवीतली वांगी गडगडत तळमजल्याला पोचलेली. अशा वेळी कुठलाही माणूस "लागलं का हो?" असं विचारतो. रामटेके गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "काकू, तुम्ही नेमकं काय केलं? काय होईल असं वाटलं होतं? आणि झालं काय?"

काकूंना वाटलं, डोक्याला मार बसलाय का हे तपासताहेत. म्हणून त्यांनी बिचाऱ्यांनी नीट उत्तरं दिली. उजवा पाय पुढे टाकला, तो पायरीवर पडेल असं वाटलं होतं, पडला नाही. रामटेक्यांनी मान डोलावली, पायरी चाचपून पाहिली, आणि मग तो प्रश्न विचारला ज्यामुळे काकूंनी पुढे बरेच दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. "पुन्हा एकदा घसरून दाखवता का?"

हे मी प्रत्यक्ष पाहिलं, कारण मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि त्याच इमारतीत तळमजल्यावर माझं क्लिनिक आहे. वांगी माझ्याच दारात येऊन थांबली होती. काकूंचा घोटा मी बरा केला. पायरी रामटेक्यांनी बरी केली. त्यासाठी ते सबंध दुपार त्या जिन्यावर घसरायचा प्रयत्न करत होते, हातात वांग्यांची पिशवी घेऊन, कारण मूळ घटनेत पिशवी होती. शेवटी एकदाचे घसरले. पायरीच्या कडेची पट्टी सैल होती आणि उजव्या हातात वजन असलेला माणूस डावीकडून उतरला तरच ती सरकत होती, असा शोध लागला. रामटेके कोपर चोळत माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा मुलाचा निकाल लागल्यासारखा खुललेला होता.

वयाने पंचावन्नच्या आसपास, अंगाने काटकुळे, शर्टाच्या खिशाला कायम एक पेन, जे त्यांनी वापरल्याचं मी कधी पाहिलेलं नाही. मूळचे नागपूरचे. इंजिनिअरिंगला पुण्यात आले आणि राहिले. इतकी वर्षं इथे काढूनही त्यांनी "काहून" आणि "करून राहिलो" सोडलं नाही, आणि आमच्या नारायण पेठेनेही त्यांची नक्कल करणं सोडलं नाही.

ते राहायला आले तेव्हा आमचे सेक्रेटरी केळकर स्वागताच्या निमित्ताने वर गेले होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, रामटेके म्हणजे नेमके कुठले? हा प्रश्न गावाबद्दलचा नसतो, हे विचारणाऱ्याला माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही. समोर कपाटावर बुद्धाची मूर्ती दिसत होती, दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाण्याचं बोलणंही होऊन गेलं होतं, तरी केळकरांना खात्री करून घ्यायची होती. रामटेके शांतपणे म्हणाले, "तुम्हाला काय उत्तर अपेक्षित होतं?" केळकर चहा अर्धा टाकून खाली आले. पुढे पाण्याची मोटर बिघडली तेव्हा त्यांनाच पुन्हा वर जावं लागलं, आणि तेव्हापासून दोघांचं बरं जमतं. म्हणजे आमच्या पेठेत दोन माणसांचं जितपत जमतं तितपत.

लग्न झालेलं नाही. एकदा व्हायला आलं होतं, असं त्यांनीच सांगितलं. मुलीचे वडील म्हणाले, आमची मुलगी जरा तापट आहे हो. यांनी विचारलं, नेमकं काय केल्यावर तापते? वडील गोंधळले, तेव्हा यांनी मुलीलाच विचारलं, आणि ती खरोखरच तापली. "पहिल्या प्रयत्नात झालं, मॅडम," रामटेके मला कौतुकाने म्हणाले. "इतकी अचूक तक्रार मी नंतर कधी पाहिली नाही." स्थळ अर्थातच फिसकटलं, पण त्या वडिलांबद्दल त्यांच्या मनात अजून आदर आहे.

आता हा माणूस करतो काय, ते सांगायला हवं. हिंजवडीच्या एका कंपनीत ते चांगल्या हुद्द्यावर होते. कंपनीच्या बसमध्येच आयुष्य जाऊन राहिलं, म्हणून नोकरी सोडली. आता घरी बसून पोटापुरती कामं करतात आणि उरलेला सगळा वेळ पाटीला देतात.

पाटी म्हणजे त्यांनी तयार केलेलं शेल. शेल म्हणजे काय, हे माझ्याकडे मान शेकायला येतात तेव्हा त्यांनी मला अनेकदा समजावलं आहे. मला समजलं ते असं. आपण सामान्य माणसं कॉम्प्युटरवर चित्रांवर टिचक्या मारतो. काही लोकांना तो अपमान वाटतो. ते एक काळी खिडकी उघडतात आणि तिच्यात हुकूम लिहितात: ही फाइल तिकडे ने, ती पूस, या सगळ्या मोज. तो हुकूम वाचून कॉम्प्युटरकडून काम करून घेणारा मधला कारभारी म्हणजे शेल. जगात अशी शेलं पुष्कळ आहेत आणि उत्तम आहेत. पण माणूस चुकला की ती फार उद्धटपणे बोलतात, असं रामटेक्यांचं मत पडलं, म्हणून त्यांनी स्वतःचं लिहिलं. हुकूम इंग्रजी अक्षरांत द्यायचे, पण पाटी उत्तरं मराठीत देते. काही चुकलं तर "समजलं नाही, पुन्हा सांगाल का?" असं म्हणते. लक्ष्मी रोडवर एखाद्या दुकानदाराने असं विचारलं तर गिऱ्हाईक घाबरून बाहेर पडेल. ही पाटी काही कॉलेजांत आणि बऱ्याच हौशी लोकांकडे वापरली जाते, आणि रामटेके ती सगळ्यांना फुकट देतात.

एवढ्या लोकांनी वापरली की दोष निघणारच. त्या दोषांना ते लोक बग म्हणतात. बगची तक्रार आली की रामटेक्यांना हुशारी येते. तक्रार करणाऱ्याला आधी तेच तीन प्रश्न, आणि मग "पुन्हा करून दाखवा". समोर घडल्याशिवाय ते दोष मानत नाहीत. ही सवय त्यांनी पाटीपुरती ठेवली असती तर आम्ही सुखी असतो. भाजीवाल्याला ते विचारतात की कालची मेथी कडू कशामुळे लागली असावी. रिक्षावाल्याने मीटर बंद आहे म्हटलं की ते मीटरसमोर वाकून बसतात, आणि दोनदा त्यांनी तो खरोखर चालू करून दिला आहे. तिसऱ्याने त्यांना उतरवलं.

अशा या एकट्या माणसाकडे रोज सकाळी एक माणूस हजेरी लावत असे, आणि तो मिरजेला राहत होता. मुजावर सर. तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले प्राध्यापक. पाटी नवी होती तेव्हा त्यांनी तिच्यातले दोष इतके मुद्देसूद कळवले की रामटेक्यांनी त्यांना भागीदारच करून घेतलं. दोघांचा नियम एकच: एकाने लिहायचं, दुसऱ्याने तपासायचं, आणि दुसरा "ठीक" म्हणेपर्यंत पाटीत एक अक्षर जायचं नाही. बहुतेक वेळा रामटेके लिहीत आणि मुजावर तपासत. सकाळी मेल यायची, "रामटेके सर, आपण काल पाठवलेल्या दुरुस्तीत पुढील चुका आढळल्या." मग रामटेके दूध आणायला खाली उतरत ते पुटपुटतच, की म्हातारा सुखानं जगू देऊन नाही राहिला. त्या दिवशी ते दिवसभर खुशीत असत. ज्या दिवशी मुजावरांना चूक सापडत नसे, त्या दिवशी जरा उदास.

इतकी वर्षं दोघांचं हे चाललं होतं आणि दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. फोनसुद्धा नाही. मी एकदा म्हटलं, मिरज काही परदेशात नाही, स्वारगेटला एसटीत बसलं की दुपारपर्यंत पोचतो माणूस. रामटेक्यांनी माझ्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं आणि विचारलं, काम काय?

मग गेल्या हिवाळ्यात मुजावरांनीच एक तक्रार केली. पाटी न विचारता फायली पुसते.

ही साधी गोष्ट नव्हती. फाइल पुसायला सांगितली की पाटी आधी "पुसू का?" असं विचारते. त्यावर एंटरचं बटण दाबलं तरच पुसते. ही दुसऱ्यांदा विचारायची सोय रामटेक्यांनी स्वतः केलेली, आणि तिचा त्यांना अभिमान. मुजावरांचं म्हणणं, विचारतच नाही, थेट पुसून मोकळी होते. त्यांच्या मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो असे गेले. जावयाकडे दुसरी प्रत होती, पण जावयासमोर हात पसरावा लागला हे नुकसान त्यांनी तक्रारीत वेगळं नोंदवलं होतं.

रामटेक्यांनी घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर करून पाहिलं. केळकरांच्या नातीचा लॅपटॉप मागून आणला, त्यावर करून पाहिलं. पाटी प्रत्येक वेळी विचारत होती. त्यांनी कळवलं, पुन्हा करून दाखवा. मुजावरांनी कळवलं, पुन्हा झालं. यांनी लिहिलं, इथे होत नाही. असं दोनचार वेळा झालं आणि मग रामटेक्यांनी त्या तक्रारीवर शेरा मारला: "दोष आढळला नाही. बंद."

माझ्या धंद्यात या शेऱ्याला "तुमचे रिपोर्ट तर नॉर्मल आहेत" असं म्हणतात. दुखणाऱ्या माणसाला याच्याइतकं दुसरं काही लागत नाही, हे मी रोज बघते. दुसऱ्या दिवशी मुजावरांची मेल आली नाही. त्यानंतरही आली नाही.

पहिले काही दिवस रामटेके म्हणत होते, म्हातारा रुसला, येईल. मग ते आमच्याकडे वळले. लिफ्टचं दार किती वेळा उघडझाप केल्यावर अडकतं ते पाहायला ते लिफ्टमध्ये जाऊन उभे राहू लागले. सोमणकाकूंच्या कुकरला तिसरी शिट्टी उशिरा का होते याची चौकशी करायला गेले आणि काकूंनी नुकतंच सुरू केलेलं बोलणं पुन्हा बंद झालं. पाटीची नवी आवृत्ती तयार होऊन पडली होती, लोक मागत होते, पण मुजावरांनी "ठीक" म्हटलं नव्हतं. पाटीला अधूनमधून मदत करणारी हडपसरची एक हुशार मुलगी तपासून द्यायला तयार होती. तिला यांनी नियम सांगितला. मी म्हटलं, नियम तुम्हीच केलाय, तुम्हीच मोडा, नाहीतर सरळ फोन करा आणि माझं चुकलं म्हणा. त्यावर ते म्हणाले की चुकलं असतं तर म्हटलंच असतं. खरी अडचण तीच होती. त्यांना मुजावर परत हवे होते, आणि आपण चुकलो असं म्हणायला त्यांच्याकडे पुरावा नव्हता.

त्या काळजीने त्यांची मान धरली. पालथं झोपवून मानेवर शेकाची पिशवी ठेवली, तर यांनी लॅपटॉप सोबत आणलेला. मुजावरांनी शेवटच्या मेलबरोबर एक रेकॉर्डिंग पाठवलं होतं. त्यांच्या पडद्यावर अक्षरं उमटत गेली तशी ती पुन्हा उमटताना दिसतात, अशी ती सोय असते. रामटेक्यांना ते मला दाखवायचं होतं, म्हणजे कोण बरोबर आहे ते मीच सांगावं. त्यांना हलता येत नव्हतं, म्हणून कळ मी दाबली. रेकॉर्डिंग भराभर पळालं. "पुसू का?" आलं आणि त्याच्याखाली "पुसलं." "विचारलं की नाही?" पिशवीखालून रामटेके म्हणाले. "विचारलं. यांनी हो म्हटलं. आता मी काय करू, सांगा."

मला काहीच दिसलं नव्हतं, म्हणून मी पुन्हा लावलं आणि बहुधा भलतीच कळ दाबली, कारण या वेळी ते फार हळू चालायला लागलं. रामटेके वैतागून म्हणाले की अहो, हे मूळ वेगात लावलं तुम्ही, मधल्या रिकाम्या जागा कापून पाहायचं असते, नाहीतर दिवस जाईल. ते नेहमी तसंच पाहत आले होते. मी म्हटलं, असू द्या.

काळा पडदा बराच वेळ रिकामा राहिला. मग एक अक्षर आलं. मग तेच अक्षर पुन्हा, लगोलग, तिसऱ्यांदा. मग ती जास्तीची अक्षरं एकेक करून खोडली गेली. पुन्हा थांबणं. मी माझा कीबोर्ड जवळ ओढून पाहिलं. उजव्या बाजूची एल, ओ, पी ही अक्षरं दोनदा, तीनदा येत होती. डावीकडची ए, एस, डी मात्र प्रत्येक वेळी एकेकदाच. म्हणजे डावा हात ठीक होता. ओळ पुढे जाईल तसा उजवा हात आणखी हळू होत होता. शेवटी हुकूम पुरा झाला, आणि "पुसू का?" आणि "पुसलं" एकाच क्षणात उमटलं. एवढ्या वेळात तो प्रश्न वाचणंसुद्धा कुणाला शक्य नव्हतं. हुकूम संपवायला माणसाने एंटर एकदाच दाबलं होतं, बोटाने ते दोनदा दाबलं, आणि दुसरं पाटीने होकार म्हणून धरलं.

मी रामटेक्यांना म्हटलं, मी डॉक्टर नाही, आणि पडद्यावरून निदान करणारी तर मुळीच नाही, पण या माणसाचा उजवा हात कापतोय. ते म्हणाले, हात म्हणजे हार्डवेअर, ते माझ्याकडे नाही येत. मान धरलेली असताना मी सांगितल्याशिवाय उठायचं नसतं, पण ते उठले आणि लॅपटॉप घेऊन वर गेले.

दुसऱ्या दिवशी क्लिनिक उघडायच्या आधीच दारात उभे, काखेत कीबोर्ड. "मॅडम," ते म्हणाले, "मला उजवा हात बिघडवून द्या."

माझ्याकडे स्नायूंना हलका करंट द्यायचं मशीन आहे. दुबळे स्नायू जागे करायला ते वापरतात. धडधाकट माणसाचा हात मुद्दाम नाचवायला ते वापरावं असं कुठल्याही पुस्तकात नाही, आणि मी तसं केलं हे कृपया कुणाला सांगू नका. मी त्यांच्या कोपराखाली पट्ट्या चिकटवल्या आणि करंट हळूहळू वाढवला. बोटं आपोआप उडायला लागली. रामटेके टाइप करायला बसले. एल तीनदा आला. खोडायला गेले तर जास्तच खोडलं गेलं. नागपूरच्या दोन शिव्या मला नव्याने समजल्या. मग त्यांनी कामाची नसलेली एक फाइल पुसायला सांगितली आणि एंटर दाबलं. प्रश्न लुकलुकला आणि गेला. "पुसलं."

बोटं मशीनच्या तालावर उडत होती. मग त्यांनी मला सांगितलं की एंटर म्हणजे होकार धरायचा, हे त्यांनीच ठरवलं होतं. मुजावरांनी तेव्हाच हरकत घेतली होती, की माणसाला "हो" असं लिहायला लावावं, एंटर चुकून दाबलं जातं. यांनी ऐकलं नाही. कोण हो हो लिहीत बसणार, असं त्यांना उत्तर दिलं होतं.

मी मशीन बंद करायला गेले तर म्हणाले, राहू द्या. आणि तशा उडणाऱ्या हाताने त्यांनी मुजावरांच्या जुन्या मेलमधलं एकेक वाक्य टाइप करायला घेतलं. "आपण काल पाठवलेल्या दुरुस्तीत पुढील चुका" एवढं लिहायला त्यांना घाम फुटला. तेव्हा त्यांचे डोळे भरले. "या हातानं तपासून राहिले होते ते माझं," ते म्हणाले. "किती दिवसांपासून, कोण जाणे. अन् मी म्हणालो, दोष नाही."

दुरुस्ती त्यांनी त्याच दिवशी लिहिली. आता पुसायचं असेल तर "हो" असं लिहावं लागणार होतं, आणि एकच कळ क्षणात दोनदा दाबली गेली तर पाटी ती एकदाच धरणार होती. मग मेलचा मसुदा मला दाखवायला आणला. "दोष आढळला. दुरुस्त केला. तपासावे." मी म्हटलं, अहो, जरा माणसासारखं लिहा. त्यांनी विचार करून सुरुवातीला "कृपया" घातलं. मी सांगितलं की ही मेल जाणार नाही, तुम्ही जाणार आहात. ते घाबरले. मग म्हणाले, तुम्ही येता का, तुम्हाला हातातलं कळते. मी रविवार मोकळा केला आणि आम्ही एसटीत बसलो. रस्ताभर ते तोंडातल्या तोंडात काहीतरी पाठ करत होते.

मुजावर सरांनी दार डाव्या हाताने उघडलं. उंच, गोरे, पांढरी दाढी, आणि उजवा हात जाकिटाच्या खिशात. रामटेक्यांनी नाव सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा वर करून पुन्हा एकदा पाहिलं आणि म्हणाले, "आत या की. बसा." त्यांच्या पत्नीने, भाभींनी, चहा दिला. दोघंही समोरासमोर बसून आपापल्या कपात बघत राहिले. मला हवेबद्दल आणि रस्त्याबद्दल जेवढं बोलता येत होतं तेवढं मी बोलून संपवलं. सर डाव्या हाताने चहा पीत होते. खिशातला हात खिशातच हलत होता.

रामटेक्यांनी कप खाली ठेवला. पाठ केलेलं बहुधा सगळं विसरले. "सर, दोष होता. माझाच होता. मी बंद करायला नको होतं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी काय काम करते ते ऐकलं, आणि त्यांना उलगडलं असावं. ते सांगू लागले की गेल्या वर्षीच डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं, गोळ्या चालू आहेत. एंटर आपल्या बोटाने दोनदा दाबलं जातं हे मात्र त्यांनाही कळलं नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं की पाटी विचारत नाही. मी विचारलं, मग हाताचं यांना कळवलं का नाही? "कळवलं असतं तर हे चांगले गृहस्थ आहेत, यांनी मला त्रास नको म्हणून तपासायला पाठवणं बंद केलं असतं. मग सकाळी उठून मी करायचं काय, बाई?"

रामटेके म्हणाले, "तुम्ही तपासल्याशिवाय काही जातच नाही, सर. सगळं पडून आहे. माझ्याजवळ दुसरं कोणी नाही."

हे ते दुरुस्तीबद्दल बोलत नव्हते, हे तिथे बसलेल्या आम्हा तिघांनाही समजलं. भाभी आत निघून गेल्या. रामटेक्यांनी पिशवीतून लॅपटॉप काढला आणि सरांच्या पुढ्यात ठेवला. "पाहा. लागू द्या वेळ. मला कुठं जायचं नाही आज."

सरांनी हात खिशातून काढला. चांगलाच कापत होता. पहिली ओळ लिहायला त्यांना इतका वेळ लागला की मला राहवेना, पण रामटेक्यांनी आपले दोन्ही तळवे गुडघ्यांमध्ये घट्ट धरून ठेवले होते, चुकून मदत होऊ नये म्हणून. पाटी आता जास्तीची अक्षरं गाळत होती. सर लिहीत गेले, थांबले, पुन्हा लिहीत गेले. मधे मी त्यांना हात टेकवून ठेवायची एक पद्धत दाखवली आणि ती त्यांना सोयीची वाटली. दुसरा चहा झाला. मग सरांनी चष्मा काढला.

"रामटेके सर, हे चालणार नाही," ते म्हणाले. "एखाद्या शब्दात तेच अक्षर खरोखरच दोनदा असेल आणि लिहिणारा चपळ असेल, तर तुम्ही त्यातलं एक गिळताय. माझी सोय झाली. इतरांचं काय?"

रामटेक्यांनी पडद्यात डोकं घातलं. चूक होती, सरळ सरळ होती. ते हसायला लागले. मी इतकी वर्षं या माणसाची मान शेकते आहे, पण त्याला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मग दोघंही एकाच वेळी बोलू लागले, आवाज चढले, सर म्हणाले तुमची ही घाई पहिल्यापासूनची आहे, रामटेके म्हणाले तुम्ही तरी तेव्हा नीट कुठं सांगितलं, आणि भाभी काय झालं म्हणून दारात येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना काही नाही अशी खूण केली. आम्ही दोघी स्वयंपाकघरात जाऊन बसलो आणि बाहेरचं भांडण ऐकत जेवणाचं पाहिलं.

परतीच्या एसटीत मी रामटेक्यांना विचारलं, की खरं सांगा, ती चूक तुम्ही सरांसाठी मुद्दाम ठेवली होती ना? ते संतापले. कोडमध्ये मुद्दाम चूक ठेवणारा माणूस मी वाटलो का तुम्हाला, म्हणाले, आणि खिडकीकडे तोंड करून बसले. साताऱ्याला गाडी थांबली, लोक चहाला उतरले, तेव्हा माझ्याकडे न बघताच म्हणाले,

"पुढच्या महिन्यात तुम्ही नाही आल्या तरी चालते, मॅडम. घर पाहिलं आता मी."